अंबादास तात्यांचा थेंब

आमच्या ईट गावातले अंबादास तात्या बाटलीवरचा बारीक मजकूर वाचल्याशिवाय कुठलीही गोष्ट तोंडात घालत नाहीत. मग ते खोकल्याचं औषध असो, चायनीजच्या गाड्यावरचा सॉस असो, नाहीतर नातीच्या वाढदिवसाचा केक. बंडीच्या खिशात एक भिंग असतं. ते काढायचं, बाटली उजेडाला धरायची, मजकूर इंग्रजीत आहे हे बघून चुकचुकायचं आणि ती माझ्या हातात द्यायची.

"बघा सर, ह्यात बया हाय का?"

बया म्हणजे दारू. तो शब्द तात्या तोंडानं उच्चारत नाहीत. उच्चारला तर त्याचाही वास येईल अशी त्यांना भीती वाटते, असं गावातले टवाळ म्हणतात.

मी गावातल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि गेली पाच वर्षं तात्यांच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. खोली बघायला गेलो तेव्हा तात्यांनी माझं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. "रसायनाचं शिकवता म्हंजे स्पिरिटचं येतं का तुमाला?" एवढंच विचारलं. येतं म्हटल्यावर म्हणाले, "मग खोली तुमचीच." माझ्या पदवीचा इतका रोकडा उपयोग त्याआधी कधी झाला नव्हता.

तात्यांचा धंदा खव्याचा. उभा जन्म भट्टीपुढं गेला. आता भट्टी मुलगा ज्ञानोबा बघतो, तात्या फक्त चुका काढतात. तरुणपणी ते प्यायचे, आणि प्यायचे म्हणजे अगदी रीतसर. दूध आटायचं तशी बाटलीही आटायची, असं ते स्वतःच सांगतात. मग चाळिशीच्या सुमाराला त्यांच्या बायकोनं, सरूबाईंनी, त्यांना ईटहून तुळजापूरपर्यंत पायी नेलं आणि देवीच्या पायरीवर आण घ्यायला लावली. 'थेंबही पोटात जाणार नाही' हे त्या आणेचे शब्द. घात झाला तो या 'थेंब' शब्दानं. 'पिणार नाही' एवढंच म्हणाले असते तर सगळ्यांचाच जीव सुखी झाला असता.

कारण आणेचं पुढचं कलम असं, की चुकून थेंब गेलाच तर पुन्हा चालत तुळजापूर गाठायचं, कल्लोळ तीर्थात आंघोळ करायची, पायरीवर डोकं टेकायचं आणि गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात आणखी एक कवडी ओवायची. चार दिवसांची वाट आहे. मी राहायला आलो तेव्हा दोऱ्यात तीन कवड्या होत्या. एक मूळ आणेची. दुसरी खोकल्याच्या औषधाची. तिसरी गुडघ्यांची. गुडघे दुखतात म्हणून कुणीतरी होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या. महिनाभर खाल्ल्यावर कळलं की त्या गोळ्यांवर औषध शिंपडतात ते स्पिरिटमधलं असतं. झालं! ज्या गुडघ्यांसाठी गोळ्या घेतल्या, तेच गुडघे घेऊन तात्या तुळजापूरला चालत गेले. परत आल्यावर गुडघे दुप्पट दुखायला लागले आणि गोळ्या तर बंद झालेल्या.

"आण घेतल्यावर वीस-बावीस वर्षं एकदाबी चूक न्हाय," ज्ञानोबा मला सांगायचा. "आई गेल्यापासनं मात्र ह्यांचा वहम लई वाढलाय, सर. आता पाण्याचाबी वास घेत्यात."

सरूबाईंना जाऊन आठ वर्षं झाली. मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय. कपाळभर कुंकू, आणि फोटो काढणाऱ्याचं काहीतरी चुकलंय अशी नजर.

चौथी कवडी माझ्यामुळे आली, आणि तिथंच माझ्या रसायनशास्त्राची पुरती शोभा झाली.

पुण्याच्या माझ्या बहिणीनं नाताळात केक पाठवला होता. काळपट, मनुकांनी गच्च भरलेला. लेबल नाही, म्हणून भिंगाचा प्रश्न नाही. तात्यांनी दोन तुकडे खाल्ले, तिसरा हातात घेतला, आणि मी शहाण्यानं कौतुकानं सांगितलं, "तात्या, यात रम असते."

"रम म्हंजे?"

"म्हणजे... तुमची बया."

तात्यांनी तुकडा खाली ठेवला. मी घाईघाईनं फळ्यापुढचा आवाज लावला. "तात्या, काळजीचं कारण नाही. अल्कोहोल अठ्ठ्याहत्तर अंशाला उकळतं. केक भाजतात एकशे ऐंशी अंशाला. म्हणजे ते केव्हाच उडून गेलं. वास राहतो, बाकी काही नाही." हे मी वर्गातही सांगत आलो होतो. मुलं लिहूनही घ्यायची.

 सकाळी तात्या मला हाताला धरून भट्टीवर घेऊन गेले. कढईत दूध आटून गोळा धरायच्या बेताला आलं होतं.

"पाणी किती डिगरीला उकळतंय, सर?"

"शंभर."

"ही कढई पाऊण तास उकळतीय. तुमच्या हिशेबानं पाणी कवाच उडाय पाहिजे. व्हय का न्हाय?" त्यांनी उलथण्यानं थोडा खवा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "दाबा मूठ."

दाबली. खवा ओलसर, मऊ, बोटांतून वर आला.

"पाणी समदं गेलं आसतं तर हातात भुकटी आली आसती. आता सांगा, पाणी गेलं न्हाय तर ती बया कशी जाईल? जाणारं आपलं आपलं उठून जात न्हाय सर. दुसऱ्याला धरून ऱ्हातंय."

भट्टीवरचे दोघेतिघे हसायला लागले. मी कॉलेजात गेलो, प्रयोगशाळा बंद करून पुस्तकं काढली, आणि अर्ध्या तासात घाम फुटला. तात्यांचं बरोबर होतं. पाण्यात मिसळलेलं अल्कोहोल स्वतःचा अठ्ठ्याहत्तरचा आकडा बघून निघून जात नाही. ते पाण्याबरोबर हळूहळू जातं. भांडं पसरट असेल, झाकण नसेल, सारखं हलवत असाल, तास दोन तास उकळत असाल, तर बरंचसं जातं. भांडं अरुंद, झाकण घट्ट, वेळ थोडा, तर बरंचसं राहतं. पण शून्य? शून्य काही होत नाही. त्यातून बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, "अरे, भाजून झाल्यावर आठवडाभर रोज वरून दोन चमचे पाजते की! त्याशिवाय मुरतो का केक?"

म्हणजे उकळण्याबिकळण्याचा प्रश्नच नव्हता. मी तात्यांना थेट पाजलीच होती.

संध्याकाळी मान खाली घालून सगळं सांगितलं. तात्यांनी शांतपणे ऐकलं, मान डोलावली, "म्हंजे खव्यावानीच," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले. धुतलेलं धोतर, नवा पटका, फडक्यात भाकरी. मी शरमेनं ओट्यावर उभा होतो, तर तात्यांनीच माझ्या पाठीवर थाप मारली. "वाईट वाटून घिऊ नका सर. केक लई झ्याक व्हता." एवढ्या मोठ्या प्रायश्चित्ताला निघालेल्या माणसाच्या मानानं चेहरा फारच प्रसन्न होता. मला वाटलं, मोठं मन आहे.

तेव्हापासून तात्या या विषयातले गावातले अधिकारी पुरुष झाले. लग्नात आचाऱ्याच्या मागं जाऊन उभे राहायचे. "ह्यात काय वतलंय? किती वेळ शिजवलं? झाकण व्हतं का?" बिचारा आचारी साधी आमटी करत असायचा, पण तात्यांची उलटतपासणी सुरू झाली की त्यालाच आपण काहीतरी केलंय असं वाटायला लागायचं. एकदा एकानं घाबरून "तात्या, नुसतं कोकम हाय हो, आईशपथ!" असं सांगितलं होतं.

आता गेल्या आखाडातली गोष्ट. ज्ञानोबाचा साडू आला होता. शेतावर मटणाचा बेत झाला. हा साडू स्वतःला मोठा बल्लवाचार्य समजतो. बोकड जून निघाला म्हणून त्यानं मटण लवकर शिजावं यासाठी पातेल्यात एक क्वार्टर ओतली. कुणाला सांगितलं नाही. ज्ञानोबानं बापासाठी डबा भरून घरी आणला. तात्या पोटभर जेवले, मटणाची तारीफ केली. आणि दुसऱ्या दिवशी साडू पारावर बसून फुशारकीनं सांगायला लागला, "एवढं लुसलुशीत कसं झालं म्हाईत हाय का?" पारावर तात्याही होते.

साडू त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं आपल्या गावी निघून गेला. जाईपर्यंत तात्यांनी त्याला सोडलं नव्हतं. पातेलं केवढं होतं, जाळ कसला होता, क्वार्टर कधी ओतली, सगळं विचारून घेतलं.

संध्याकाळी ज्ञानोबा माझ्या खोलीत आला आणि दार लावून घेतलं.

"सर, म्हातारा चालत जातो म्हणतोय. धाराशिवच्या डॉक्टरनं सांगितलंय, आता लांब चाललात तर गुडघे कायमचे गेले, जागेवर बसावं लागंल. मी सांगून ऐकत न्हायती. देवळातले गुरव म्हणले, नकळत झालं, देवी माफ करती, तरी ऐकत न्हायती. आता तुमच्यावर सोडलंय त्यांनी. सर म्हणले ऱ्हातंय तर जाणार, सर म्हणले उडालं तर ऱ्हाणार." त्यानं माझे हात धरले. "उडालं म्हणा, सर. एकदा म्हणा. तुमच्या पाया पडतो."

रात्रभर मी स्वतःला समजावलं की एका म्हाताऱ्याच्या गुडघ्यांपुढं रसायनशास्त्राची काय मातब्बरी.

रविवारी सकाळी ओट्यावर सुनावणी झाली. तात्या आंघोळ करून, गंध लावून बसले होते. शेजारी त्यांचे जुने दोस्त रशीदभाई, खव्याचे व्यापारी. ज्ञानोबा खांबाला टेकून माझ्याकडे बघत होता.

"रशीद, तुझं काय म्हणणं हाय?" तात्यांनी आधी त्यांना विचारलं.

"अपने को ये हिसाबच नको, तात्या," रशीदभाई म्हणाले. "जिसमें डाले, वो अपना नै. उड्या तो उसका, रह्या तो उसका. तुम लोगां काहे को इत्ता सोचते?"

"बराबर हाय तुझं," तात्या म्हणाले आणि माझ्याकडे वळले. मग त्यांनी पुरावा मांडला. मला वाटलं होतं, सुटण्यासाठी धडपडतील. पण त्यांनी एकेक गोष्ट अशी मांडली, जणू ते स्वतःच्याच विरुद्ध उभे राहिलेले सरकारी वकील आहेत.

"पातेलं उभं व्हतं सर, पसरट न्हाय. म्या डोळ्यांनी बघून आलो."

"बरं."

"झाकण व्हतं. वर दगूड ठिवला व्हता. म्या दोनदा इचारलं."

"बरं."

"जाळ मंद. आन् बाटली निम्मं शिजल्यावर वतली. पहिल्यापास्नं न्हाय. त्यातनं म्या रस्सा दोन वाट्या जादा पेलो. तर सांगा आता."

एवढ्या मजबूत पुराव्यावर कुठल्याही परीक्षेत 'राहतं' एवढंच उत्तर बरोबर होतं. मी ज्ञानोबाकडं पाहिलं. घसा साफ केला.

"तात्या, मटण तसं बराच वेळ शिजलं. सगळं उडालं. काही राहिलं नाही."

ज्ञानोबानं श्वास सोडला. तात्या माझ्याकडं बघत राहिले. मग "आसं म्हणता," एवढंच म्हणाले. वाद नाही, खव्याचा दाखला नाही, काही नाही. निर्दोष सुटलेल्या माणसाचा चेहरा असा असतो का? डोक्याचा पटका काढून त्यांनी मांडीवर ठेवला आणि त्याची घडी घालत बसले. एकच घडी चार वेळा घातली. मग उठून आत गेले.

पुढचे तीन दिवस तात्यांनी मला काहीही वाचायला दिलं नाही. नातीनं कसलीशी क्रीमची बिस्किटं आणली, ती त्यांनी पुडा न बघता खाल्ली. चहात बुडवून खाल्ली आणि कुठंतरी बघत बसले. भट्टीवर जाऊन चुका काढणंही बंद. ज्ञानोबा खूश होता. "वहम गेला म्हाताऱ्याचा," म्हणाला. मला मात्र जेवण गोड लागेना. ज्या माणसानं मला मुठीत खवा देऊन शिकवलं, त्याला मी तोंडावर खोटं सांगितलं होतं. आणि त्याला ते कळलं नसेल हे शक्यच नव्हतं. त्याला माझ्याहून जास्त येत होतं.

चौथ्या दिवशी कॉलेजातून आलो तो तडक त्यांच्यापुढं जाऊन बसलो.

"तात्या, मी खोटं बोललो. राहतं."

तात्यांनी मान वर केली. "किती?"

"नेमकं नाही सांगता येत. पण झाकण होतं, पातेलं उभं होतं. बरंच राहिलं असणार."

"म्हंजे जावं लागंल."

लग्न झालेल्या पोरीला माहेरचं बोलावणं आल्यावर तिचा आवाज जसा होतो, अगदी तसा आवाज झाला त्यांचा.

ज्ञानोबा माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. शेवटी तोड निघाली ती तात्यांनीच काढली. "देवी काय येडी हाय का? तिला गुडघं म्हाईत हायत माझं. म्हणंल, गुडघ्यापुरतं चाल, बाकीचं गाडीवर ये." माझ्या मोटरसायकलवर जायचं, मधे थोडं पायी चालायचं, असं ठरलं. मला वाटलं, शेवटचा टप्पा चालतील, देवळाच्या आधीचा. सगळे तेच करतात.

पारगाव मागं पडलं. तेरखेडा गेलं. थोडं पुढं गेल्यावर तात्यांनी माझ्या खांद्यावर थापटलं. "हितं थांबवा."

तिथं काहीच नव्हतं. देऊळ नाही, झाड नाही, चहाची टपरीसुद्धा नाही. एका बाजूला सोयाबीन, दुसऱ्या बाजूला तूर, मधून ट्रक धडधडत चाललेले.

"इथं कशाला तात्या? तुळजापूर अजून कुठल्या कुठं आहे."

"हितनंच चालायचं," म्हणाले आणि उतरून चालू लागले. मी गाडी ढकलत बरोबर निघालो. तात्या हळूहळू, गुडघ्याला हात लावत, पण डोळे रस्त्याच्या कडेला लावून चालत होते. अर्धा-पाऊण किलोमीटर गेल्यावर ओढ्यावरची एक मोरी आली. तात्या तिच्या कठड्यावर बसले, कठड्यावर हात फिरवला.

"तवा हा रस्ता एवढा व्हता," त्यांनी हातानं दाखवलं. "आणेला चाललो व्हतो. दोन दिवस ती पुढं आन् म्या मागं. एक सबूद बोलली न्हाय. म्या बया सोडून दोनच दिवस झालते, हातपाय लटलटा कापत व्हते. हितं तिची चप्पल तुटली. म्या म्हणलं, माझी घाल. ती न्हाय म्हणली. म्या काढून पुढं ठिवली. घातली तिनं. माझं पाय हे एवढं. चार पावलं चालली, तर फताक फताक वाजायला लागलं. आन् ती हसली."

तात्या थांबले. एक ट्रक गेला, त्यांनी पटक्यावरची धूळ झटकली.

"लगीन होऊन अठरा वर्सं झालती सर. रडताना बघितली व्हती, भांडताना बघितली व्हती. हसताना पहिल्यांदा बघितली ती हितं. पोट धरून हसली. येडशीपस्तोर आमी दोघं हसत गेलो. म्या अनवाणी, आन् ती माझी चप्पल घालून."

 आठ वर्षं हा माणूस भिंग घेऊन प्रत्येक बाटली उजेडाला धरत होता, आणि आम्हाला वाटत होतं की तो थेंबाला भितोय.

"मग तात्या," मी म्हणालो, "दर्शनाला म्हणून सरळ यायचं की. त्यासाठी चूक कशाला शोधायची?"

तात्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू म्हणतायत, एवढं शिकून याला कसं कळत नाही.

"बिनकामाचं कसं यायचं सर? लोक काय म्हणतील? म्हातारा बायकूसाठी रस्त्यानं हिंडतुय म्हणतील." मग खाली बघत, "आन् तिलाबी आवडलं नसतं. म्हणली आसती, दूध आटवायचं सोडून हिकडं कुठं आला?"

ते उठले. गुडघा कटकन वाजला. मी हात पुढं केला तो त्यांनी घेतला नाही. कठड्याला हात टेकत, पटका सारखा करत ते कडेकडेनं चालायला लागले, आणि थोडं पुढं गेल्यावर त्यांचे खांदे हलताना दिसले. मला आधी वाटलं रडतायत. मग आवाज आला, आणि कळलं की हसतायत.

मी गाडी ढकलत मुद्दाम दहा पावलं मागं राहिलो.